मातीकडची बाजू



कोणतेही बांधकाम पुरे झाले की ते पाहायला आपण सगळे जातो. बंधारा असो, टाकी असो, नाहीतर पाइपलाइनवरचा काँक्रीटचा ठोकळा असो. जवळ जाऊन हात फिरवतो आणि म्हणतो, "काम झ्याक झालंय, आरसाच जणू!" गिलावा गुळगुळीत म्हणजे काम चोख, हे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. माझ्याही बसले होते. ते कसे उतरले आणि त्यापायी काय भोगले, ते सांगण्यासाठी हा लेख.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेच्या मुख्य पाइपलाइनला एके ठिकाणी काटकोनात वळण आहे. त्या वळणावर काँक्रीटचा भला मोठा ठोकळा घातला होता. काम झाले त्या दिवशी आम्ही कमिटीची माणसे बघायला गेलो. ठोकळ्याच्या कडा सरळ, अंग कसे लोण्यासारखे. आम्ही ठेकेदाराला शाबासकी देऊन परत आलो. पुढच्या उन्हाळ्यात, ऐन एप्रिलात, पंप सुरू असताना तो ठोकळा जागेवरून वीतभर सरकला आणि पाइपाचा सांधा निखळला. दुरुस्तीला अकरा दिवस गेले. खोडव्याची पाने वळली, आडसाली ऊस माना टाकू लागला. संस्थेच्या कर्जाची कपात मात्र उसाच्या बिलातून नेमाने होत राहिली.

ठोकळा उकरला तेव्हा खाली प्लॅस्टिकचा कागद निघाला. सिमेंटचे पाणी जमिनीत जिरू नये म्हणून गवंड्याने तो अंथरला होता. मागच्या बाजूला सैल माती ढकललेली होती. आमचा म्हातारा मुकादम म्हणाला, "अण्णा, ठोकळा वजनाला कमी न्हवता. त्येचं बूड भुईला धरलंच न्हाई."

एवढ्या एका वाक्यात सगळे शास्त्र आले.

आता हिशेब करू. तीनशे मिलिमीटर व्यासाचा पाइप घ्या. आत ६० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ६ किलो. अशा पाइपाच्या काटकोनी वळणावर पाणी बाहेरच्या अंगाला जवळजवळ ६ टनांचा रेटा देते. तुमचा-आमचा ऊस भरलेल्या दोन बैलगाड्यांचा भार समजा, आणि तो रात्रंदिवस ढकलतोय. हा रेटा फक्त ठोकळ्याच्या बुडाच्या घर्षणावर तोलायचा म्हटला, तर बूड मुरमाला चांगले भिडलेले असताना साडेदहा टनांचा ठोकळा पुरतो. तेच खाली प्लॅस्टिक अंथरून पकड निम्म्याहूनही थोडी खाली आणली, तर बावीस टनांच्या वर ठोकळा लागतो. काँक्रीट सव्वाचार घनमीटरच्या जागी सव्वानऊ घनमीटर. हा नुसता तोल झाला, सुरक्षिततेसाठी वर जे जास्त धरतात ते वेगळेच. म्हणजे काही रुपयांच्या कागदाने पाच घनमीटर काँक्रीट खाल्ले, आणि ते आम्ही घातलेलेही नव्हते. ठोकळा सरकणार नाही तर काय होणार?

पकड कुठून येते, हे आपल्या आया-आज्यांना ठाऊक होते. जाते वापरून वापरून गुळगुळीत झाले की दाणा नुसता घरंगळतो, पीठ पडत नाही. मग टाकी लावणारा गावात आला की जाते त्याच्यापुढे ठेवायचे. तो छिन्नीने दगडावर बारीक बारीक खाचा पाडायचा आणि जाते पुन्हा दाणा धरायचे. माती आणि बांधकाम यांचे नाते असेच आहे. बांधकामाच्या अंगावर खाचा-उंचवटे असले की मातीचे कण त्यांत अडकून बसतात. मग बांधकामाला सरकायचे तर नुसते अंगावरून घसरून भागत नाही, मातीला मातीतूनच फाटावे लागते.

पोट्योंडी नावाच्या संशोधकाने १९६१ साली निरनिराळ्या माती आणि निरनिराळे बांधकामाचे पदार्थ एकमेकांवर घासून याची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यातले कोरड्या, दाट वाळूचे आकडे आपल्या भाषेत सांगतो. वाळूची वाळूशी जी पकड, ती एक रुपया धरा. पॉलिश केलेल्या लोखंडाशी तीच पकड घर्षणकोनाच्या हिशेबाने ५४ पैसे भरते. गंजलेल्या लोखंडाशी ७६ पैसे. लोखंडी साच्यातून काढलेल्या गुळगुळीत काँक्रीटशीही ७६ पैसे. लाकडी फळ्यांच्या साच्यातून काढले की ८८ पैसे. आणि थेट जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटशी ९८ पैसे, म्हणजे जवळपास पुरा रुपया. वाळू तीच, काँक्रीटही तेच. फरक फक्त अंगाच्या पोताचा.

यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ९८ पैशांच्या पुढे फार जायला जागाच नाही. पृष्ठभाग कितीही ओबडधोबड केला तरी मातीच्या स्वतःच्या ताकदीपेक्षा जास्त पकड मिळत नाही, कारण तिथून पुढे मातीच तुटते. त्यामुळे दगडगोटे खोचून डोंगर करण्याची गरज नाही. किती खरखर पुरेशी, याचेही उत्तर सापडले आहे. उएसुगी आणि किशिदा या जपानी अभियंत्यांनी १९८६ साली लोखंड आणि वाळू घेऊन दाखवून दिले, की खरखर नुसती मोजून चालत नाही, ती कणाच्या मापाने मोजावी लागते. बारीक वाळूला जी खाच खोल वाटते, ती जाड वाळूला कळतही नाही. चाळणीची भोके ज्वारीला वेगळी आणि मोहरीला वेगळी, तसेच हे.

चिकण मातीची तऱ्हा आणखी निराळी. तिचे कण पत्त्यांच्या पानांसारखे चपटे. गुळगुळीत अंगावरून ती एकदा घसरली की सगळी पाने आडवी होऊन बसतात, आणि मग पकड आणखी खाली जाते. सुरुवातीला जे जेमतेम धरलेले असते ते एकदा सुटले की सुटलेच. शिवाय खड्ड्यात पाणी साचून काँक्रीट ओतण्यापूर्वी तळाला चिखलाची साय धरली असेल, तर खाली खरबरीत मुरूम असूनही उपयोग नाही. खाचा सगळ्या सायीने लिंपल्या गेल्या. म्हणून काँक्रीट पडण्याआधी खड्ड्याचा तळ खरवडून साफ करणे, हे काम गिलाव्यापेक्षा शंभर पटीने मोलाचे. पण ते बघायला आपण कोणी जात नाही. आपण जातो नारळ फोडायला आणि एकदम शेवटी हात फिरवायला.

असे फसतात ते आपल्यासारखे शेतकरीच, असे कोणी समजू नये. अमेरिकेत कॅलिफोर्नियात केटलमन हिल्स म्हणून ठिकाण आहे. तेथे घातक कचरा पुरण्यासाठी एक मोठा खड्डा केला होता. विष जमिनीत झिरपू नये म्हणून तळाला आणि बाजूंना गुळगुळीत प्लॅस्टिकचे जाड अस्तर, चिकण मातीचे थर, सगळे अगदी शास्त्रशुद्ध. कचऱ्याचा ढीग ९० फुटांच्या आसपास चढला, आणि १९ मार्च १९८८ रोजी तो अख्खा डोंगर जागचा हलला. काही तासांत तो ३५ फुटांपर्यंत आडवा सरकला आणि १४ फुटांपर्यंत खचला. बर्कलेच्या विद्यापीठातील मिचेल आणि सीड यांनी पुढे याची कसून तपासणी केली. कचरा तुटलेला नव्हता, खालची जमीनही नव्हती. अस्तराच्या थरांमधला गुळगुळीत सांधाच सुटला होता. ओल्या चिकण मातीला लागून असलेल्या प्लॅस्टिकचा घर्षणकोन ८ अंशांपर्यंत कमी भरला. आठ अंश म्हणजे सात फूट आडवे गेल्यावर एक फूट चढ. एवढ्याशा उतारावरही टिकाव नाही! त्यानंतर अशा कामांत मुद्दाम खरबरीत केलेल्या प्लॅस्टिक शीटचा वापर वाढला.

आपल्याकडे हेच प्लॅस्टिक आज शेततळ्यांत आले आहे. शासनाची 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ साली आली आणि कार्यक्षेत्रात तळी वाढली. चांगले झाले. पण माझ्या पुतण्याने काय केले ऐका. उन्हाने कागद लवकर खराब होतो म्हणून त्याने बाजूच्या उतारावर, कागदावर, फूटभर मातीचा थर पसरला. उतार होता उभे एक, आडवे दीड, म्हणजे सुमारे ३४ अंशांचा. गुळगुळीत कागदावर कोरडी वाळू १८ अंशांच्या आसपासच घसरू लागते, ओली चिकण माती त्याच्याही आधी. पहिल्याच वळवाच्या पावसात सगळी माती तळाला जाऊन बसली. जाताना कागदाला ओढ बसली आणि तो वरच्या चरातून उपसून निघाला. माती गेली, कागद फाटला, पाणीही गेले. पोराने पुस्तक वाचून केले नव्हते, पण मन लावून केले होते. त्याला कोणी आधी सांगितलेच नाही.

आणि एक सांगतो. ज्या गुणामुळे त्या कागदावर माती ठरत नाही, त्याच गुणामुळे माणसाचा पायही ठरत नाही. अस्तराच्या शेततळ्यात घसरून माणसे, लेकरे बुडाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. पोहणारालाही ओल्या कागदावरून वर येता येत नाही. तळ्याला कुंपण आणि चारी बाजूंना गाठी मारलेला जाड दोर, हे जादाचे काम नव्हे. ते कागदाच्या बरोबरीनेच व्हायला हवे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, "म्हणजे आता सगळंच खरबरीत करा म्हणता का?" तसे मुळीच नाही. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. काही ठिकाणी माती धरायची असते, काही ठिकाणी सोडायची असते. ते आधी ठरवा.

नांगराचेच बघा. आपल्या काळ्या रानात गंजलेला नांगर घातला की माती त्याला चिकटून बसते, पातं माती पलटवत नाही, बैल नाहीतर ट्रॅक्टर नुसता गोळा ओढत राहतो. तेच पातं घासून लख्ख झाले की तास सुरीने कापल्यासारखा उलटतो. अमेरिकेत इलिनॉयच्या चिकट जमिनीत जॉन डिअर या लोहाराने १८३७ साली मोडक्या करवतीच्या पोलादाचा गुळगुळीत नांगर केला, तो याच कारणाने चालला. येथे नांगराचे काम माती धरण्याचे नाही, सोडण्याचे आहे. म्हणून तर हंगाम संपला की जाणता शेतकरी पात्याला तेल पुसून ठेवतो.

दुसरे उदाहरण उपसा योजनेच्या जॅकवेलचे. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत काँक्रीटचे कडे वर बांधत जायचे, आतली माती काढत जायचे आणि कडे स्वतःच्या वजनाने खाली उतरवायचे, ही पद्धत आपण सर्वांनी पाहिली आहे. समजा बाहेरून ६ मीटर व्यास, भिंत ४५ सेंटिमीटर जाड आणि कडे ६ मीटर उंच आहे. त्याचे वजन भरते सुमारे ११३ टन. बाहेरच्या अंगाचे क्षेत्रफळ भरते ११३ चौरस मीटर. आता मातीने दर चौरस मीटरला फक्त एक टन जरी अडवून धरले, तरी वजन आणि अडवणूक सारखीच. विहीर अधांतरी लोंबकळली! मग वर वाळूची पोती रचा, एकाच अंगाने जास्त उकरा, आणि शेवटी कडे कलंडून बसते. येथे बाहेरचे अंग जितके गुळगुळीत आणि उभे सरळ, तितके काम सोपे. फळ्यांच्या सांध्यांतून निघालेल्या काँक्रीटच्या धारा घासून काढायला एक दिवस लागतो. न काढल्या तर महिना लागू शकतो. म्हणजे बघा, ज्या जॅकवेलच्या बाहेरच्या अंगाला आपण "मातीतच जायचंय" म्हणून तसेच सोडतो, तेथे गुळगुळीतपणा हवा. आणि ज्या ठोकळ्याच्या अंगावरून कौतुकाने हात फिरवतो, तेथे तो नको. आपला सगळा कारभारच उफराटा.

तिसरे उदाहरण काळ्या जमिनीतल्या इमारतीचे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. फुगताना ती खांबाच्या अंगाला धरून खांब वर उचलते. वरच्या काही फुटांत खांबाचे अंग जितके खरबरीत, तितकी तिची पकड जास्त आणि भिंतीला तडे जास्त. यावर रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने आपल्या देशात अंडर-रीम्ड पाइलची पद्धत रुजवली. बारीक खांब खोल न्यायचा आणि तळाजवळ त्याला कांद्यासारखा गड्डा करायचा, खांबाच्या साधारण अडीच पट जाड. खोल काळ्या जमिनीत हा खांब निदान साडेतीन मीटर खाली नेतात, कारण त्या खोलीवर ओलावा फारसा कमी-जास्त होत नाही. वरची माती ओढो किती ओढायचे ते, खालचा गड्डा सोडत नाही. भरावाच्या जमिनीत याच्या उलट होते. भराव बसत जातो आणि खांबाला धरून खाली ओढतो. तेथे खांबाच्या अंगाला डांबराचा लेप देतात, म्हणजे माती घसरून जावी. एकाच खांबाला कुठे धरवायचे आणि कुठे सोडवायचे, हे ठरवूनच काम करावे लागते.

माझे मत असे, की आपल्या कामांच्या अंदाजपत्रकात हा प्रश्न विचारलाच जात नाही. सिमेंट किती, सळई किती, खडी किती, सगळे लिहिलेले असते. गिलाव्याचाही दर असतो. पण मातीला लागणारी बाजू कशी ठेवायची, यावर एक ओळ नसते. मग ते गवंड्याच्या मर्जीवर जाते, आणि गवंडी बिचारा त्याला सोयीचे तेच करतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. सांगायचे काम आपले होते.

"खर्च वाढेल" ही सबब येथे चालणार नाही. प्लॅस्टिक न अंथरायला पैसे पडत नाहीत. चिखल खरवडायला दोन गड्यांचा अर्धा दिवस पुरतो. ठोकळ्याची मागची बाजू न हललेल्या, कोऱ्या मातीला भिडवून ओतली तर साचाच लागत नाही, उलट फळ्यांचे भाडे वाचते.

म्हणून कारखान्याच्या स्थापत्य विभागाला आणि सर्व पाणीपुरवठा संस्थांच्या चालकांना माझ्या नम्र सूचना अशा :

१) प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात "मातीकडची बाजू : धरणारी की सोडणारी" अशी एक ओळ घालावी आणि त्याप्रमाणे ती खरबरीत की गुळगुळीत, ते लिहावे.

२) पाइपलाइनच्या ठोकळ्याखाली प्लॅस्टिक अंथरू नये. तळ खरवडून, चिखल काढून, मगच काँक्रीट ओतावे. मागे सैल माती ढकलू नये.

३) काँक्रीट ओतण्यापूर्वी दोन सभासदांनी खड्डा पाहून वहीवर सही करावी. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. खड्ड्याचा फोटो काढून संस्थेच्या दप्तरी ठेवावा. एकदा माती पडली की पुरावाही गाडला जातो.

४) शेततळ्याच्या गुळगुळीत कागदावर बाजूच्या उताराला माती टाकूच नये. टाकायचीच असेल तर उतार उभे एक, आडवे तीन याहून सपाट ठेवावा, आणि तरीही आधी परीक्षा घ्यावी. शेतकी खात्याने शेततळे मंजूर करताना कुंपण आणि दोर यांची खात्री करावी.

परीक्षा कशी, ती प्रत्येकाला घरी करता येते. एका फळीवर आपण आणणार त्या कागदाचा तुकडा ताणून ठोका. त्यावर बिनबुडाच्या खोक्यात आपल्याच रानाची माती दाबून भरा, चांगली भिजवा, आणि खोके कागदाला न टेकेल एवढे किंचित वर उचला. मग फळी एका बाजूने हळूहळू उचलत जा. माती घसरली की थांबा आणि आडवे किती, उभे किती ते मोजा. तळ्याच्या उतारावरचा पातळ थर साधारण त्याच उताराला जाईल. आपल्याला त्याहून बराच सपाट उतार लागेल. पाच मिनिटांचे काम आहे. माझ्या पुतण्याने ते नंतर केले. आधी केले असते तर कागद वाचला असता.

आमचा ठोकळा आम्ही पुन्हा घातला. या वेळी खड्ड्यात मी स्वतः उतरलो, खुरप्याने तळ खरवडला, चिखल बाहेर काढला. वरून ठोकळा तितकासा देखणा झाला नाही. फळ्यांचे वळ अंगावर तसेच आहेत. त्यानंतर किती उन्हाळे गेले, पण तो जागचा हललेला नाही.

येत्या वार्षिक सभेत हा विषय मी मांडणार आहे. तोवर आपापल्या भागात काम सुरू असेल तेथे जा. पण काम संपल्यावर नको, खड्डा उघडा असताना जा. आत वाकून बघा आणि विचारा, "हिथं माती धरायची हाय, का सोडायची?" उत्तर मिळाले नाही, तर काँक्रीट ओतू देऊ नका.

बघा, पटतंय का.

— एक ऊस उत्पादक सभासद